जीपचा पत्रा दर दोन पावसाळ्यांनी त्याच जागी का सडतो? दुरुस्ती की नवी बॉडी, हे ठरवण्याआधीच्या तपासण्या

आमची जीप 1974 सालची. महिंद्राची सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. माहीमला असते, समुद्र पाच मिनिटांवर आणि डोक्यावर छप्पर नाही. तिच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मी आजवर चार वेळा दुरुस्त करून घेतला. पहिल्या तिन्ही वेळा दोन-तीन पावसाळ्यांत तो परत सडला. चौथ्या कामाला सात पावसाळे झाले, अजून टणक आहे. मधल्या काळात ओळखीतल्या दहा-बारा जीपा आणि काही मारुती जिप्सी मी तपासल्या, खोलल्या आणि वेल्डरच्या शेजारी उभं राहून दुरुस्त करून घेतल्या.

गणपती झाले की हमखास फोन येतो. "दादा, गेल्याच वर्षी पत्राकाम केलं होतं. परत फुगलंय. मिस्त्री म्हणतो नवी बॉडीच टाका. काय करू?" गाडी बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही. पण बघताना काय काय बघतो ते सगळं इथं लिहितो. क्रम सोप्या आणि स्वस्त कामापासून अवघड कामाकडे आहे. तो मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना मिळून शंभर रुपये लागत नाहीत, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या गाड्यांचा निकाल तिथंच लागला.

लक्षणं

सगळ्यांच्या ओळखीचं लक्षण म्हणजे रंगाखालचे फोड. लांबून रंग ठीक दिसतो, चमकतोही, पण बोट फिरवलं की साबुदाण्यासारखे दाणे हाताला लागतात. नखाने दाबलं तर रंग कुरकुरत फुटतो आणि आतून तपकिरी पूड सांडते. हे फोड बहुतेक वेळा जुन्या ठिगळाच्या कडेने, ओळीत येतात. ही ओळ नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पाऊस थांबून चार दिवस झाले तरी मॅटखालचं फेल्ट ओलं राहतं आणि गाडीत जुन्या ट्रंकेसारखा कुबट वास येतो. सांध्यांतून, रिव्हेटच्या डोक्याखालून तांबूस ओघळ उतरतात. मागचा फाळका एका बाजूने घासायला लागतो किंवा बॉनेटचा खटका नेहमीच्या जागी बसत नाही. स्पीडब्रेकरवरून उतरताना बॉडीतून 'कट' असा एकच आवाज येतो. फ्लोअरवर अॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट ठोकलेली असेल तर तिच्या कडेला पांढरी भुकटी दिसते.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं तर पुढचं वाचण्याआधी गाडी चालवणं थांबवा: क्लच दाबताना पाठीवर जोर दिला की सीट मागे झुकते. याचा अर्थ सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात आहेत तो पत्रा सुटत चालला आहे. सीटबेल्टही तिथंच किंवा तिथल्या जवळपास बांधलेला असतो.

एक लक्षण फसवं आहे. पेडलच्या आसपास रंग सुरकुतलेला, साय आल्यासारखा दिसतो, पण खाली गंज नसतो. हे काम ब्रेक ऑइलचं. ते रंग खातं. आमच्या जीपसारख्या जुन्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर पेडलखाली फ्लोअरच्या खालच्या अंगाला असतो, जिप्सीत तो इंजिनच्या खणात. तिथून ओघळ येत असेल तर पत्र्याचं राहू द्या, आधी ब्रेकवाल्याकडे जा.

परत परत त्याच जागी का?

मुंबईची हवा खारी आहे हे सगळे म्हणतात, पण ती नेमकं काय करते हे कळलं तर पुढच्या तपासण्या डोक्यात बसतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ त्या ओलीत स्वतःच विरघळतं. डब्यातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं, तेच सांध्यात साचलेल्या मिठाचं होतं. पावसाचा एक थेंबही पडला नाही तरी जून ते सप्टेंबर तो सांधा ओलाच राहतो. आमच्या जीपची समुद्राकडची बाजू कायम आधी सडते.

दुसरी गोष्ट, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर चिकटलेले असतील आणि मध्ये गंज धरला, तर तो त्यांना आतून फाकवतो. फाकलं की फट मोठी होते, आणि जास्त पाणी आत जातं.

आता माझ्या तीन फसलेल्या दुरुस्त्या सांगतो. पहिल्या वेळी सडलेला भाग न कापता वरून ठिगळ मारलं. दोन पत्र्यांचं सँडविच तयार झालं आणि पाणी मधोमध बसलं. फोडांची ओळ ठिगळाच्या कडेने येते ती यामुळे. दुसऱ्या वेळी सगळं झाकायला चेकर्ड प्लेट रिव्हेट केली. दिसायला सुरेख, पण खाली पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. शिवाय अॅल्युमिनियम, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम झिजतं. ती पांढरी भुकटी म्हणजे तेच. तिसऱ्या वेळी पत्रा कापून नीट बसवला, पण खालून, आतला उरलेला गंज तसाच ठेवून, डांबरासारखं जाड काळं अंडरकोटिंग मारलं. ते वाळून तडकलं, तड्यातून पाणी आत गेलं, आणि कोटिंग शाबूत दिसत असताना खालचा पत्रा कागदासारखा झाला. एकदा तो कोटिंगचा पापुद्रा ओढला तर हातात अख्खा पट्टा आला, त्याला आतून पत्र्याचा पातळ तपकिरी थर चिकटलेला.

या तिन्ही वेळी मी, आणि ज्याने काम केलं त्याने, एकच प्रश्न विचारला नाही: पाणी येतं कुठून?

पहिली तपासणी: सगळं काढा, झाडा, बघा

मॅट, फेल्ट, रबर, सीटखालची अवजारं, मागची गादी, सगळं बाहेर. झाडू आणि टॉर्च घ्या. वेळ सकाळची असावी, तिरप्या उन्हात फुगवटे स्पष्ट दिसतात.

फ्लोअरमध्ये पाणी निघायची भोकं असतात. ती शोधा आणि जाड तार घालून उघडी करा. गाड्या बघताना सगळ्यात जास्त वेळा मला हेच सापडलं आहे, की भोकं मातीने, सीलंटने किंवा त्याच काळ्या कोटिंगने बुजलेली. दरवाजे असतील तर दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही भोकं असतात. भोक उघडल्यावर तांबडं पाणी किंवा ओली माती बाहेर आली तर आतल्या पोकळीत पाणी साचत होतं हे नक्की.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांपैकी काही अजून विकायला येतात. अशाच एका जिप्सीच्या फ्लोअरखालच्या चॅनेलमधून मी गाळ काढला होता. वाळून विटेसारखा झालेला, आणि त्यात दुधाच्या पिशवीचा कोपरा अडकलेला. मालकाने ती गाडी त्या पुरानंतर बऱ्याच वर्षांनी घेतली होती आणि वरून नवा रंग होता. जुनी गाडी विकत घेताना तार घेऊन जा.

दुसरी तपासणी: एक बादली पाणी

हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. पत्राकाम करण्याआधी हे झालंच पाहिजे.

गाडी कोरडी करा. आतल्या फ्लोअरवर वर्तमानपत्र अंथरा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी सोडायचं. पाइपने फवारा मारू नका, सगळीकडे पाणी उडतं आणि काही कळत नाही. एका वेळी एकच जागा: आधी विंडस्क्रीनची वरची कड, मग खालची, मग काचेच्या बाजू, मग टपाची शिवण, मग वायपरची भोकं. प्रत्येक जागेला पाच मिनिटं द्या. वर्तमानपत्र भिजलं की डाग कुठून सुरू झाला ते कळतं.

आमच्या गाडीत माझी मुलगी डॅशबोर्डखाली उताणी झोपली होती. मी विंडस्क्रीनच्या चौकटीखाली, जिथं ती चौकट बॉडीवर टेकते तिथं पाणी सोडलं. मिनिटभर काही नाही. मग ती ओरडली, "बाबा, थांबा! भिंतीवरून येतंय!" ही जीपची काच पुढे आडवी पडते, त्यामुळे चौकट आणि बॉडी यांच्यामध्ये फक्त एक रबरी पट्टी असते. ती पट्टी लाकडासारखी कडक झाली होती. तिथून पाणी आतल्या भिंतीवरून सरळ पायाखालच्या कोपऱ्यात. म्हणजे तीन वेळा मी पत्रा दुरुस्त केला आणि दोष त्या पट्टीचा होता. पट्टी बदलायला अर्धा तास लागला.

जिप्सीत हाच प्रकार मी विंडस्क्रीनच्या रबराखाली आणि पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या बाजूला पाहिला आहे. तिथं चिखल साचतो आणि महिनोन्महिने ओला राहतो.

पाण्याची वाट सापडली नाही तर दुरुस्ती सुरूच करू नका. दोन पावसांत परत तिथंच याल.

तिसरी तपासणी: लोहचुंबक

फ्रिजला लावतात तसलं साधं चुंबक घ्या, खाली मऊ फडकं धरा म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही. हळूहळू फिरवा. जिथं ओढ कमी होते किंवा चुंबक गळून पडतं, तिथं खाली पत्रा नाही, लांबी (खळगे भरायची पुट्टी) आहे. पोकळ जागा लांबीने भरून वर रंग मारलेल्या गाड्या या शहरात भरपूर फिरतात. पॉलिस्टरची लांबी पाणी शोषते. उघड्या लोखंडावर थेट लावलेली असेल तर तिच्या मागे गंज वाढत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

लांबी असणं हा गुन्हा नाही. डेंट सपाट करायला पातळ थर लागतोच. चुंबकाला ओढ थोडी कमी वाटली तर चिंता नको. अजिबात ओढ नसेल तर त्या जागेभोवती खडूने वर्तुळ काढा. गाडीवर किती वर्तुळं होतात आणि ती कुठं आहेत, हा पुढच्या निर्णयाचा नकाशा आहे. फोटो काढून ठेवा.

चौथी तपासणी: पान्हा आणि पेचकस

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने किंवा छोट्या पान्ह्याने पत्रा हलकेच वाजवत जा. चांगला पत्रा 'टण्' वाजतो. सडलेला 'थप्' असा मेलेला आवाज देतो. कान लावला तर कुठं आवाज बदलतो ते इंचाच्या फरकाने सांगता येतं.

मग संशयाच्या जागी पेचकसाचं टोक टेकवून दाबा. ठोकू नका, हाताच्या जोराने दाबा. टोक आत घुसलं तर तो पत्रा गेला. नुसता खळगा पडला तर पत्रा पातळ झाला आहे पण जागेवर आहे. काहीच झालं नाही, फक्त रंग उडाला, तर तो वरवरचा गंज. तारेचा ब्रश, गंज उतरवणारं फॉस्फोरिक अॅसिडचं द्रावण, नीट धुणं-वाळवणं आणि दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, एवढ्यावर भागतं. इथंपर्यंतचं काम घरी होतं. हातमोजे आणि चष्मा मात्र घाला.

बॅटरीच्या ट्रेची जागा यात विसरू नका. अॅसिड सांडून तिथला पत्रा वेगळ्याच वेगाने जातो, त्याचा पावसाशी संबंध नसतो.

पाचवी तपासणी: टेप आणि ओळंबा

आतापर्यंत पत्रा बघितला, आता गाडी सरळ आहे का ते बघायचं. सपाट जागा हवी, सोसायटीचा पार्किंगचा कोबा चालेल. गवंड्याकडचा ओळंबा घ्या. चेसिसच्या, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या-उजव्या बाजूला सारख्याच जागा निवडा, उदाहरणार्थ पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पिना जिथं बसतात त्या. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून खाली खडूने फुली मारा. गाडी ढकलून बाजूला करा. जमिनीवर चार फुल्या राहतील. समोरासमोरच्या तिरक्या फुल्यांमधलं अंतर मोजा. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मी मोजण्यातली चूक म्हणून सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर परत मोजतो, आणि तरी तेच आलं तर तिथंच थांबतो.

हे का करायचं? कारण चेसिस तिरकी असेल तर तिच्यावर नवी बॉडी टाकली तरी फाळका घासणारच. लोक हजारो रुपयांचं पत्राकाम करतात आणि मग फाळक्याच्या कड्या वाकवत बसतात.

सहावी तपासणी: बॉडीचे बोल्ट आणि रबर

जीप काय, जिप्सी काय, दोन्हींची बॉडी वेगळ्या चेसिसवर रबर आणि बोल्टने बसलेली असते. दुरुस्ती परवडते का बदलणं, याचा खरा कौल या बोल्टांपाशी मिळतो.

गाडी जॅकवर घेऊन खाली जाऊ नका. जॅक सरकतो. भक्कम स्टँड लावा किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर न्या. प्रत्येक बोल्टजवळ तीन गोष्टी बघा. रबर चपटं होऊन संपलं आहे का? बोल्टभोवतीचा बॉडीचा पत्रा जागेवर आहे का? आणि चेसिसला वेल्ड केलेला ब्रॅकेट शाबूत आहे का? स्पीडब्रेकरवरचा तो 'कट' आवाज बहुतेक वेळा रबर संपल्याचा असतो, आणि ते स्वस्तात बदलतं. फ्लोअरच्या खालून आडवे जाणारे उलट्या नालीसारखे चॅनेल पेचकसाने टोचून बघा. फ्लोअरचं वजन तेच पेलतात. फ्लोअर चाळणी झाला तरी चॅनेल टणक असेल तर गाडी वाचते. चॅनेल भुगा झाला असेल तर वरून कितीही सुंदर फ्लोअर टाका, तो लोंबकळत राहणार.

सातवी तपासणी: तळहाताएवढा रंग उतरवा

संशयाच्या दोन-तीन जागांवरचा रंग तळहाताएवढा पूर्ण उतरवून उघडं लोखंड बघायचं. हे शेवटी ठेवलं कारण एकदा उघडलं की झाकावंच लागतं. पावसाळ्यात तर घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत नारिंगी होतं. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मेमध्ये करा आणि प्रायमर हाताशी ठेवूनच सुरू करा. जुन्या पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजा. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, 20 गेज म्हणजे 0.9. नवा तुकडा जुन्याइतक्याच जाडीचा हवा. फार जाड घेतला तर वेल्डिंगला जुना पत्रा जळतो.

इथं थांबा

खालच्या गोष्टी स्वतः करू नका, आणि कोपऱ्यावरच्या कोणाही वेल्डरकडूनही करून घेऊ नका. चेसिसचं काम नेहमी करणारा माणूस लागेल.

चेसिसवर भेग, किंवा हातोडीने ठोकल्यावर सुटणाऱ्या गंजाच्या पापड्या. स्प्रिंगच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्स जिथं बसतो तिथं, किंवा मागच्या आडव्या पट्टीत सड. सीटच्या, सीटबेल्टच्या किंवा रोलबारच्या बोल्टांखालचा पत्रा गेलेला. ओळंब्याच्या मापात फरक.

आणि पेट्रोलची टाकी. आमच्यासारख्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे जो पत्रा सगळ्यात आधी सडतो त्याच्या अगदी शेजारी. टाकी न काढता तिथं वेल्डिंग करू देऊ नका. "टाकी रिकामी आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. टाकी काढून दूर ठेवायची, पेट्रोलची नळी बंद करायची, टप आणि गाद्या उतरवायच्या, बॅटरीची दोन्ही टोकं काढायची. इंजेक्शनवाल्या जिप्सीत तर ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) कनेक्टरही. बाजूला वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हवाच. हे ऐकायला तयार नसलेल्या मिस्त्रीकडून गाडी परत आणा.

मग दुरुस्ती की नवी बॉडी?

माझा कौल असा. बॉडीचे बोल्ट आणि खालचे चॅनेल टणक असतील, आणि पाण्याची वाट सापडून बंद झाली असेल, तर जुनी बॉडी दुरुस्त करा, फ्लोअर संपूर्ण बदलावा लागला तरी. फ्लोअर, पायाखालचा तिरका पत्रा, मागचे कोपरे, हे सगळे सपाट किंवा साध्या वळणाचे भाग आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे घडवून देणारी माणसं मिळतात. बोल्टांच्या बहुतेक जागा गेल्या असतील, चुंबकाची वर्तुळं अर्ध्याहून जास्त गाडीवर असतील, तर दुरुस्तीचा खर्च संपत नाही. तिथं नव्या बॉडीचा विचार करा. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून नव्या बॉड्या येतात. पण घेताना पत्र्याची जाडी मोजा आणि बॉडी रंगवण्याआधी बघा. रंगवलेली आली तर आतल्या सांध्यांना प्रायमर लागला का ते कधीच कळणार नाही.

जुनी बॉडी वाचवण्याकडे माझा कल का आहे, याचं एक कारण प्रेम हे आहेच. आमच्या डॅशबोर्डवर डाव्या हाताला आईच्या बांगड्यांनी पडलेल्या चऱ्या आहेत, त्या मी रंगवू दिल्या नाहीत. पण दुसरं कारण कागदोपत्री आहे. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी मग रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची, हेही ध्यानात घ्या. व्हिंटेज करायची नसली तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि मूळ रचनेत बदल चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं आहे. बॉडी बदलायचीच असेल तर काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली जिथं गाडीची नोंद असेल तिथं, विचारून घ्या.

रंग बदललात तर आरसीवर नोंद करावी लागते. आणि मिलिटरी लूकसाठी ऑलिव्ह ग्रीन मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. रंग काढताना चेसिस नंबर कुठं ठोकला आहे ते सगळ्यात आधी शोधा, त्यावर जाड टेप लावा, आणि मिस्त्रीला बोट ठेवून दाखवा. तिथं ग्राइंडर फिरला तर पासिंगच्या वेळी छाप उमटणार नाही, आणि मग गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत फिरावं लागेल.

मिस्त्रीला काय सांगायचं

काम सुरू करण्याआधी मी चहा मागवतो आणि हे एकेक करून बोलतो. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, वरून ठिगळ नाही. नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवायचा. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात बारीक तारेने केलेलं). गॅसच्या ज्योतीने पत्रा तापून लाटा येतात आणि साध्या रॉडने भोकं पडतात. सलग ओढायचं नाही, लांब लांब टाके मारून थंड होऊ द्यायचं. तुकडा सीआर शीटचा, म्हणजे जस्ताचा थर नसलेल्या साध्या पत्र्याचा. जस्ताचा थर असलेली जीपी शीट गंजायला उशीर लागतो म्हणून लोक मागतात, पण वेल्ड करताना त्या जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि रात्री त्याला थंडीताप येतो. ती वापरायचीच असेल तर वेल्डच्या कडेचं जस्त घासून काढायचं आणि काम उघड्यावर करायचं.

दोन पत्रे एकमेकांवर यायलाच हवेत अशा जागी, जोडण्याआधी दोन्ही आतल्या अंगांना जस्ताचा वेल्डिंगचा प्रायमर. वेल्ड झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांना सीलर, मग लागली तर लांबी, मग रंग. हा क्रम उलटा झाला की सगळं वाया. आतल्या पोकळ्यांत शेवटी वॅक्स फवारायचं. काही जण जळकं इंजिन ऑइल मारतात, त्याने रबर फुगतात, आणि आपण आत्ताच बदललेले बॉडीचे रबर परत खराब होतात.

माझ्या चौथ्या कामात मिस्त्रीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, यात तीन दिवस जास्त लागतील." लागले. मी तिन्ही दिवस सुट्टी काढून तिथं बसलो होतो.

त्यानंतर

मे महिन्याच्या शेवटी भोकांत तार घालायची आणि बादलीची तपासणी परत करायची. रबरी पट्टी कडक वाटली तर पावसाआधी बदलायची. पाऊस चालू असताना मॅट आत ठेवूच नका. नुसत्या पत्र्यावर पाय ठेवायला त्रास होत नाही आणि ओल लगेच दिसते. अक्सा, काशीद किंवा अलिबागच्या वाळूवर गाडी गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, चाकांच्या आतून, स्प्रिंगच्या पानांमधून, चॅनेलच्या उघड्या तोंडातून. घरी पोचायला रात्र झाली तरी झोपण्याआधी.

ऑक्टोबरात फेल्ट परत टाकण्याआधी मी फ्लोअरवर हात फिरवतो आणि एकदा पान्ह्याने वाजवून बघतो. गेल्या वर्षी मागच्या उजव्या कोपऱ्यात आवाज किंचित बदललेला वाटला. पेचकस टेकवला, रंग उडाला, पत्रा टणक निघाला. घासून प्रायमर लावला. यंदा गणपती झाल्यावर तीच जागा पहिल्यांदा बघणार आहे.